मदत हवी आहे: शिडाच्या बोटीवर किनाऱ्यावरचं वायफाय पकडायचंय, अँटेना उंच नेला तर सिग्नल उलट कमी झाला

नमस्कार मंडळी, मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो, वीज खात्यातनं रिटायर झालोय. माझी लेक आणि जावई गेल्या वर्षापासून छत्तीस फुटी शिडाच्या बोटीवर राहतात, सध्या ग्रीसमधे लेफ्कादा बेटाच्या आसपास असतात, आज या खाडीत नांगर टाकला उद्या त्या. दोघांचं काम ऑनलाइन आहे त्यामुळे नेट हीच त्यांची रोजीरोटी, आणि इकडे माझी आई, वय ८४, रोज रात्री साडेआठला (तिकडे सहा वाजलेले असतात) पणतीला बघायला चष्मा पुसून फोनसमोर बसते. दोन मिनिटं बरं चालतं आणि मग चित्र अडकतं, पोरीचं तोंड उघडं तसंच राहतं आणि आई घाबरून विचारते, अरे हिला काय झालं. हे रोजचं आहे आणि मला ते बघवत नाही.

तिथे बऱ्याच खाड्यांत डोंगर थेट पाण्यात उतरतात म्हणून सिमकार्डाला रेंज कधी असते कधी नसते. पण काठावर एखादी खानावळ असतेच आणि ते लोक जेवायला येणाऱ्यांना वायफायचा पासवर्ड देतात. बोट तिथून ३००-४०० मीटरवर उभी असते. केबिनमधे फोनवर एकच काडी दिसते, डेकवर दोन.

मी पुढच्या महिन्यात जाणारे तर सामान इथूनच न्यावं म्हणून ८ डीबीआयचा (अँटेना सिग्नल किती एकवटतो त्याचं माप, त्यालाच गेन म्हणतात) उभा काठीसारखा अँटेना, यूएसबीचा वायफाय अडॅप्टर आणि १२ मीटर आरजी-५८ ही बारीक अँटेना केबल घेतली. पाण्यावरची ट्रायल घ्यायला आपलं सूरसागर आहेच. मित्राचं दुकान तलावाच्या पलीकडे, त्याचा राउटर चालू ठेवला, आणि अलीकडच्या गच्चीवर मी बांबूला अँटेना बांधून उभा (मधे शंकराची मूर्ती आडवी येते म्हणून दोनदा जागा बदलली). अँटेना थेट अडॅप्टरला लावून हातात धरला तर उणे ६९ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, उण्याचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर), बांबूवर उंच चढवून १२ मीटर केबलने खाली आणला तर उणे ८२! पेजसुद्धा उघडेना. कनेक्टर तीनदा काढून परत लावले, तेच. उंच गेलं की चांगलं मिळायला हवं ना? ५० हर्ट्झची लाइन मला कळते, हे २.४ गिगाहर्ट्झचं वेगळंच दिसतंय. बोटीवर १२ व्होल्टची बॅटरी आणि १०० वॅटचं सोलर आहे, त्यात बसेल असं सांगा.

प्रतिसाद

काका नमस्कार, मी जहाजांवर इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो. तुमच्या कनेक्टरांत काही खोट नाही, सिग्नल केबलने खाल्लाय. आरजी-५८ या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे साधारण १ डीबी खाते, म्हणजे १२ मीटरला बारा-तेरा डीबी, तुमचा ६९ ते ८२ चा फरक बरोब्बर तेवढाच आहे. दर ३ डीबीला पॉवर निम्मी होते, म्हणजे खाली विसावा हिस्साच पोचला. जाड एलएमआर-४०० केबल घेतली तर मीटरला पाव डीबीच्या आत जातं पण ती बोटीच्या डोलकाठीतून वळवताना नको जीव होतो.

त्यापेक्षा रेडिओच, म्हणजे वायफाय घेणारं-पाठवणारं यंत्रच, वर न्या. युबिक्विटी बुलेट किंवा मायक्रोटिक ग्रूव्ह असले आउटडोअर रेडिओ मिळतात, अँटेना त्यांच्या डोक्यावर थेट पेचानं बसतो, मधे कोअ‍ॅक्स म्हणजे अँटेनाची केबल नाहीच. खाली येते ती नेटवर्कची केबल, तिच्यातूनच वर करंट जातो, आणि खप काही वॅटच. व्होल्टेज मात्र मॉडेलप्रमाणे बघून घ्या, चोवीस लागत असेल तर छोटा कन्व्हर्टर लावा. सगळ्यात टोकाला चढवू नका, तिथे व्हीएचएफचा (बोटीच्या बिनतारी संभाषणाचा) अँटेना आणि वाऱ्याचं यंत्र असतं आणि डुलणंही सर्वात जास्त. डोलकाठीला मधे आडवी दांडी असते तिच्यावर, काठीपासून हातभर लांब लावा, अल्युमिनियमची काठी मागची बाजू झाकते. उंची लागतेच पण, ४०० मीटरला वाटेत मधोमध सुमारे साडेतीन मीटर त्रिज्येची मोकळी जागा हवी, डेकवरून निम्मा सिग्नल पाण्यातच जातो. १२-१५ डीबीआयच्या मोहात पडू नका, उभ्या अँटेनाचा गेन जितका जास्त तितका त्याचा पट्टा चपटा, बोट कलली की पट्टा एकतर आभाळात नाहीतर पाण्यात. नांगरावर बोट फिरत राहते म्हणून एका दिशेचा पॅनेलही कामाचा नाही.

दोन गोष्टी तिथे हमखास अडवतात. रेडिओत देश ग्रीस निवडा, अमेरिका ठेवलात तर १२ आणि १३ नंबरचे चॅनेल दिसणारच नाहीत, आणि युरोपात गेन धरून मर्यादा १०० मिलिवॅटची आहे, म्हणजे ८ डीबीआयला रेडिओ १२ डीबीएमवर आणायचा. ऐकायला मर्यादा नाही, खरा फायदा तिथेच आहे. दुसरं, आतला छोटा राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या नेटवर्क पत्त्यावर ठेवू नका, खानावळीचाही बऱ्याचदा तोच असतो आणि मग कनेक्टेड दिसतं पण नेट चालत नाही.

धागाकर्ता

फार फार आभार! काल मित्राच्या मुलाकडून तसला रेडिओ उसना आणला, बांबू तोच, गच्ची तीच, उणे ६४ आला. मुद्दाम बांबू तिरका धरून बघितला तर लगेच उणे ७१, म्हणजे तुम्ही म्हणता तो चपटा पट्टा डोळ्यांनी बघितला. आईला गच्चीवर खुर्ची टाकून बसवलं आणि तिथूनच लेकीला फोन लावला, आमच्या बाजूने एकदाही अडकला नाही. आई म्हणाली हाच बांबू घेऊन जा.

आता एकच विचारायचंय. नेटवर्कची केबल डोलकाठीच्या आतून व्हीएचएफच्या केबलला चिकटून खाली आणली तर बिनतारीवर बोलताना त्रास होईल का? जावई म्हणतो आत दुसरी वाट नाहीये. आणि वरच्या सांध्यावर स्वतःत वितळून एक होणारा तो रबरी टेप बडोद्यात कुठे मिळेल, मी मांडवीपर्यंत सगळी इलेक्ट्रिकची दुकानं विचारून आलो, सगळे साधा काळाच टेप दाखवतात.