सोरायसिसच्या ट्रायलला नाव द्यावं की नाही?

कोपरीकर

माझं मत आधीच सांगतो: द्यावं. आता शिव्या घालायला मोकळे आहात.

निमित्त घरचंच आहे. धाकट्या भावाला कॉलेजात असल्यापासून सोरायसिस, म्हणजे कातडीवर खपल्यांचे चट्टे उठणारा जुनाट आजार. आधी कोपरं आणि गुडघे, मग डोकं, आता कंबरेभोवती पट्टाच झालाय. नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात नव्या गोळीची ट्रायल, म्हणजे माणसांवरची चाचणी, सुरू आहे, तिथल्या डॉक्टरांनी त्याला विचारलं. तिघांतल्या दोघांना खरी गोळी, एकाला १६ आठवडे प्लासिबो, म्हणजे हुबेहूब तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली. त्यानंतर सगळ्यांनाच खरी. कुणाच्या वाट्याला काय आलं हे रुग्णाला कळत नाही आणि डॉक्टरलाही. हे कळल्यापासून आईने घर डोक्यावर घेतलंय, "माझं पोर काय प्रयोगाचा उंदीर आहे?" कळव्याची मावशी रोज फोन करून त्यात तेल ओतते.

पण भाऊ आज सोरायसिसवरची जी जुनी गोळी, मेथोट्रेक्सेट, घेतो ती आधी कुणीतरी घेऊन बघितलीच ना? बायोकॉन या भारतीय कंपनीच्या इटोलिझुमॅब या सोरायसिसवरच्या औषधाला २०१३ मध्ये आपल्याकडे मान्यता मिळाली, ती भारतातल्याच २२५ रुग्णांवरच्या ट्रायलच्या जोरावर. शिवाय सोरायसिसवरचं बहुतेक मोठं संशोधन गोऱ्या कातडीवर झालंय. रोग किती आहे हे मोजायला 'पासी' स्कोअर वापरतात, ० ते ७२. त्यात लाली, जाडी आणि खपल्या यांना गुण देतात. आता आपल्या सावळ्या अंगावर लाली लाल दिसतच नाही, जांभळट नाहीतर करडी दिसते. गुण कमीच पडणार. चट्टा बसला तरी काळा डाग महिनोन्महिने राहतो, तो स्कोअरमध्ये धरतच नाहीत. आणि ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये शेजारचा सरकून बसतो तो त्या डागाकडे बघूनच! आपली माणसं ट्रायलमध्ये गेलीच नाहीत तर हे नोंदवणार कोण?

घणसोलीची वहिनी

सही भावाची, मत तुमचं. असो.

आमच्या मिस्टरांनी केलीय अशी ट्रायल. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. ओपीडीच्या बाकावर बसवून जाडजूड फॉर्म हातात दिला, "वाचा आणि प्रत्येक पानावर सही करा, सर दोन वाजता निघतात." मराठीतच होता, पण त्या गर्दीत कोण वाचतंय? मग आधीची औषधं बंद. नव्या औषधाचा परिणाम स्वच्छ दिसावा म्हणून जुन्याचा अंश अंगातून जाऊ द्यायचा, त्याला ते वॉशआउट म्हणतात. त्या चार आठवड्यांत माणसाचं काय होतं ते फॉर्मवर वाचून कळत नाही. पाठ भरून गेली. सकाळी चादर गॅलरीत झटकायचे तर खालच्या मजल्यावरच्या बाई ओरडायच्या म्हणून बाथरूममध्ये झटकायला लागले. काळा शर्ट कपाटातून बाहेर काढणं बंद. एमआयडीसीत कंत्राटावर काम, तपासणीच्या दिवशी खाडा, खाड्याचा पगार कापला. प्रवासखर्च मिळाला, नाही म्हणत नाही. पण बुडालेला रोज कोण देणार?

आणि खरं दुःख पुढे आहे. शेवटी शेवटी औषध लागू पडलं. एवढं स्वच्छ अंग मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं. यांनी हाफ शर्ट शिवून घेतले. मग ट्रायल संपली, गोळ्या संपल्या, आणि पुढच्या काही महिन्यांत सगळं होतं तसं परत. कुणी एक फोन केला नाही. त्यापेक्षा आधी सवय झाली होती तेच बरं होतं.

अभ्यास समन्वयक, वाशी

मी हेच काम करते, म्हणून राहवलं नाही. वहिनी, तुमच्या बाबतीत झालं ते चूकच. बाकावर घाईत घेतलेल्या सहीला संमती म्हणतच नाहीत. फॉर्म घरी न्यायचा, चार जणांना दाखवायचा, आठवड्याने या म्हणून सांगायचं. जो डॉक्टर याला नाही म्हणतो त्याच्याकडे ट्रायल करूच नका.

पण सरसकट नाव ठेवू नका. २०१९ चे 'नवी औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम' आहेत. ट्रायलमुळे काही इजा झाली तर उपचार फुकट आणि वर नुकसानभरपाई. मध्येच सोडायची मुभा, कारणही द्यावं लागत नाही, आणि सोडली म्हणून तुमचे नेहमीचे उपचार कुणी थांबवू शकत नाही. ट्रायलला मंजुरी देऊन तिच्यावर लक्ष ठेवते ती एथिक्स कमिटी. तिच्यात किमान सात सदस्य, निम्मे तरी बाहेरचे, त्यात एक कायद्याचा जाणकार आणि एक तुमच्याआमच्यासारखा सामान्य माणूस. त्या कमिटीचा फोन नंबर फॉर्मवर असतो. लोक तो कधीही फिरवत नाहीत! फिरवा. आणि २००९ पासून प्रत्येक ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी नोंदवणं सक्तीचं आहे. नोंद ऑनलाइन कुणालाही बघता येते. सापडली नाही तर उलट पावली घरी.

हिशेबतपासनीस

समन्वयक ताई, नियम तोंडपाठ आहेत तर २७ वा नियमही सांगा की. ट्रायल संपल्यावर औषध फुकट देण्याचा नियम तोच. डॉक्टरने शिफारस करायची, कमिटीने मंजूर करायची, पण अट काय? त्या रोगाला दुसरा उपचारच नसेल तर. सोरायसिसला मेथोट्रेक्सेट आहे, सायक्लोस्पोरिन आहे, अप्रेमिलास्ट आहे, इंजेक्शनं आहेत. म्हणजे वहिनींच्या मिस्टरांसारखा माणूस या नियमात बसतच नाही. फोन आला नाही तो काही कुणी विसरलं म्हणून नव्हे, नियमाने कुणावर तशी जबाबदारीच टाकलेली नाही.

आता याच वाक्याची दुसरी बाजू बघा. दुसरा उपचार आहे म्हणून नंतर औषध देत नाही म्हणता, मग दुसरा उपचार असताना १६ आठवडे प्लासिबो कसा चालतो? कोपरीकरांनी अभिमानाने सांगितलेल्या त्याच इटोलिझुमॅबच्या ट्रायलमध्ये १२ आठवड्यांनी रोग किमान ७५ टक्क्यांनी कमी झाला तो औषधवाल्यांत शंभरी २७ ते ३६ जणांचा, आणि प्लासिबोवाल्यांत शंभरी दोन-तीन जणांचा. त्या प्लासिबोवाल्यांनी १२ आठवडे काय केलं? खाजवत बसले.

आणि हेच औषध २०२० मध्ये कोविडसाठी वापरायला परवानगी मिळाली ती अवघ्या ३० रुग्णांवरच्या ट्रायलवर. तेव्हा तज्ज्ञांनीच डोक्याला हात लावला होता. जे काही नियम आहेत ते कंपन्यांच्या दयेने आलेले नाहीत. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाचं दार ठोठावलं, मग चक्रं हलली.

निसर्गप्रेमी

एवढा काथ्याकूट कशाला? कर्जतच्या बाजूला एक बाबा पुड्या देतात, पंधरा दिवसांत चट्टे गायब. माझ्या साडूला गुण आला.

हिशेबतपासनीस

पंधरा दिवसांत गायब झाले म्हणूनच ती पुडी आधी लॅबला द्या. असल्या पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं कमी नाहीत. पुडी चुकली की काय होतं ते एखाद्या स्किनच्या डॉक्टरला विचारा.

त्वचारोगतज्ज्ञ, पनवेल

विचारलंच आहे तर सांगतो. स्टेरॉइड पोटात जात असेल आणि एकदम थांबलं तर सोरायसिस उसळून अंगभर लाल होतो नाहीतर पू भरलेल्या पुळ्या येतात. असा रुग्ण ॲडमिट करावा लागतो. त्यामुळे निसर्गप्रेमी, साडूंनी पुडी अचानक बंद करू नये, डॉक्टरांच्या नजरेखाली करावी. क्लोबेटासॉल या कडक स्टेरॉइड मलमाच्या ट्यूबचंही तेच. २०१८ पासून ती चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, तरी गल्लीतला केमिस्ट नायट्याला, इसबाला, सगळ्याला तीच देतो.

ट्रायलबद्दल. हिशेबतपासनीस, प्लासिबो का लागतो? या रोगात चढउतार आपोआप होतात. ऊन, हवा, घशाचा संसर्ग, मनावरचा ताण, सगळ्याने फरक पडतो. तुलनेला कुणी नसेल तर उन्हाळ्यात दिलेलं कुठलंही औषध चांगलंच वाटेल. मात्र तुमचा मुद्दा मी झटकत नाही. नवं औषध थेट जुन्या औषधासमोर उभं करणाऱ्या ट्रायलही होतात. सेक्युकिनुमॅब उस्टेकिनुमॅबसमोर, गुसेल्कुमॅब अडालिमुमॅबसमोर, अशा झाल्या आहेत, ही सगळी सोरायसिसवरची इंजेक्शनं. रुग्णाने पहिला प्रश्न हाच विचारावा: समोरच्या गटाला काय देणार?

आणि लहान ट्रायलमध्ये सगळे धोके दिसत नाहीत हेही खरं. एफालिझुमॅब नावाचं इंजेक्शन २००३ मध्ये अमेरिकेत मान्य झालं, २००९ मध्ये बाजारातून काढलं. काही वर्षं घेतलेल्यांत मेंदूचा एक दुर्मिळ, जीवघेणा संसर्ग दिसला. काही आठवड्यांच्या ट्रायलमध्ये तो दिसणारच नव्हता. आपल्याकडे वर टीबी. अंगात दडलेला टीबी अशा औषधांनी उठू शकतो, म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी. ही न करता कुणी इंजेक्शन टोचत असेल तर खुर्चीवरून उठा.

कोपरीकर, भावाचे सांधे दुखतात का? सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का? नखांना खड्डे?

कोपरीकर

नखांना खड्डे आहेत, दोन नखं पिवळी पडून वर उचललीत. आम्ही ते साबणाचं समजत होतो. बोटांचं विचारतो.

बाकी माझं मत तेच आहे. वहिनींना जे भोगावं लागलं ते ऐकून वाईट वाटलं, पण मिस्टरांचं अंग स्वच्छ झालं ते औषध आता बाजारात येईल ते त्यांच्यासारख्यांमुळेच ना? हिशेबतपासनीसांचा २७ वा नियम मात्र मला ठाऊक नव्हता. तो डॉक्टरांसमोर ठेवणार आणि पुढे काय हे लेखी मागणार. नाही म्हणाले तरी भावाचा कल आहे जायचा. त्याला आठवड्यातून एकदाची मेथोट्रेक्सेटसुद्धा नकोशी झालीय, दुसऱ्या दिवशी मळमळतं.

घणसोलीची वहिनी

बाजारात येईल आणि आमच्या खिशाला परवडणार नाही. डिसेंबर २०१४ मध्ये अडालिमुमॅबची भारतीय आवृत्ती आली, परदेशीपेक्षा बरीच स्वस्त, म्हणून मोठ्या बातम्या झाल्या. आमच्या डॉक्टरांनी हिशेब मांडून दिला तेव्हा हे म्हणाले, मुलीची फी भरू की हे घेऊ. ट्रायलमध्ये माणूस आमचा, औषध त्यांचं, आणि शेवटी विकत घ्यायचं तेही आम्हीच.

अभ्यास समन्वयक, वाशी

वहिनी, रोजाचा मुद्दा तुमचा पटला. बुडालेल्या रोजाची भरपाई प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या लेखी आराखड्यात, आधीच लिहून घेता येते, कमिटीला तसं सुचवता येतं. आमच्याकडे पुढच्या बैठकीत मी विषय काढते.

त्वचारोगतज्ज्ञ, पनवेल

कोपरीकर, बोटांचं नुसतं विचारू नका. नखांत सोरायसिस असणाऱ्यांना सांध्यांचा सोरायसिस होण्याची शक्यता जास्त असते, आणि सांधा एकदा झिजला की तो भरून येत नाही. कातडीचा चट्टा १६ आठवडे थांबू शकतो, सांधा नाही. आधी संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा, हातापायांचे एक्स-रे काढा. सांध्यांत काही निघालं तर प्लासिबोच्या ट्रायलवर सही करू नका, मग ती कितीही चांगली असो. मेथोट्रेक्सेटसोबत फॉलिक ॲसिड चालू आहे का तेही बघा, मळमळ बरीच कमी होते. आणि तो ती आठवड्यातून एकदाच घेतोय ना, चुकून रोज नाही, हे डबी उघडून स्वतः तपासा.

कोपरीकर

डबी बघितली, आठवड्याचीच आहे. फॉलिक ॲसिड कुणी लिहूनच दिलं नव्हतं. सही पुढे ढकललीय, शनिवारी ठाण्यातच संधिवातवाल्यांची वेळ मिळालीय. आईला एवढंच कळलंय की पोरगं उंदीर व्हायचं लांबलं, सध्या खूश आहे.