शिवनेरीतही अर्धे तिकीट कशासाठी?

सह्यमाथा (धागाकर्ता):
एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांमध्ये महिलांना १७ मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सवलत मिळते. सवलत असावी की नसावी, हा वाद मला घालायचा नाही, ती असावीच. माझा आक्षेप तिच्या रचनेवर आहे. सवलतीची रक्कम शासन महामंडळाला प्रतिपूर्ती म्हणून देते आणि ती तिकिटाच्या प्रमाणात ठरत असल्यामुळे जिचे तिकीट महाग, तिच्यावर शासनाचा खर्चही जास्त. वाडीवरून दोन टप्पे ओलांडून तालुक्याच्या बाजाराला जाणाऱ्या बाईच्या पदरात दहा-बारा रुपये पडतात, तर दादरहून पुण्याला वातानुकूलित शिवनेरीने जाणारीला त्याच्या कित्येक पटींनी अधिक मिळतात. कर्नाटकाने जून २०२३ मध्ये शक्ती योजना आणताना साध्या गाड्यांतला प्रवास महिलांना पूर्ण मोफत केला, परंतु राजहंस आणि ऐरावत यांसारख्या आरामगाड्या त्यातून वगळल्या. आपण नेमके उलट केले.

ज्या गावाची मुक्कामी गाडी बंद झाली, तिथल्या बाईला तर सवलत शून्यच आहे, कारण ती वडापच्या खासगी जीपने जाते आणि तिथे अर्धे तिकीट नसते. म्हणून माझे म्हणणे असे की शिवनेरी आणि शिवशाहीतली सवलत काढावी आणि तो पैसा तोट्यातल्या ग्रामीण फेऱ्यांना किलोमीटरमागे द्यावा. नुसत्या आसनाला पैसे देण्यापेक्षा गाडी धावण्याला पैसे द्यावेत.

माणगंगा:
शिवनेरीचे उदाहरण तुम्ही सोयीने निवडले आहे. शिवनेरी मोजक्या मार्गांवर धावते. शिवशाहीची गोष्ट वेगळी आहे. मराठवाड्यातून पुण्याला रुग्णाला घेऊन निघालेल्या बाईला त्या वेळी फलाटावर जी गाडी लागेल तीच धरावी लागते, आणि ती शिवशाही असेल तर तुमच्या नियमाने तिने पूर्ण भाडे भरायचे. गाडी कोणती लावायची हे आगार ठरवते, ती बाई नव्हे.

दुसरे असे की या सवलतीचे खरे मोल रकमेपेक्षा तिच्या बिनशर्तपणात आहे. वाहक उत्पन्नाचा दाखला मागत नाही, सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहावे लागत नाही, घरातल्या कोणाची सही लागत नाही. घरात एकाच तिकिटाचे पैसे असतील तर आजवर कोण जायचे आणि कोण मागे राहायचे, हे आपल्याकडच्या कोणत्याही घरात विचारून पाहा. माहेरी जाणे, डोळे तपासून घेणे, बँकेत स्वतः जाऊन पैसे काढणे ही कामे ‘पुढच्या वेळी’वर ढकलली जात होती. ही सवलत गरिबीपुरती नाही, घरातल्या या क्रमासाठीही आहे. आणि तो क्रम मध्यमवर्गात नसतो असे मानणे भाबडेपणाचे आहे.

घंटी-दोरी:
वाहक म्हणून निवृत्त झालो आहे, म्हणून कामाच्या बाजूने लिहितो. गाडी निम्मी रिकामी धावली तरी डिझेल तेवढेच जळते आणि चालक-वाहकाचा पगारही तेवढाच पडतो. त्यामुळे रिकाम्या आसनावर बसलेली अर्ध्या तिकिटाची प्रवासी, प्रतिपूर्ती वेळेवर आली तर, महामंडळाला जड नाही. भारमान, म्हणजे भरलेल्या आसनांचे प्रमाण, या प्रवासिनींनी वाढवले आहे. शिवनेरीतूनही त्यांना उतरवले तर त्यातल्या बऱ्याच जणी साध्या गाडीत येणार नाहीत, रेल्वेने किंवा खासगी गाडीने जातील. मग धागाकर्त्यांना वाचवायचा आहे तो पैसा नेमका कुठून येणार?

मुक्कामी गाडीबद्दल मात्र ते योग्य बोलले आहेत. रात्री गावात थांबून पहाटे निघणारी ती फेरी आकड्यांत नेहमीच तोट्याची दिसते, आणि गाड्या कमी पडल्या की पहिली कुऱ्हाड तिच्यावरच येते. शाळेच्या मुलींना पास मोफत आहे, पण पहाटेची फेरीच नसेल तर पास दप्तरात राहतो.

पूर्ण तिकीट:
ज्येष्ठांना सवलत, ७५ वर्षांवरील सर्वांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास, महिलांना अर्धे तिकीट. जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, ते पूर्णपणे कोणी सोसले? ऊसतोडीला किंवा बांधकामाला जाणाऱ्या चाळिशीतल्या मजुराने. त्याच गाडीत त्याच्या शेजारी बसलेल्या प्राध्यापिकेचे तिकीट त्याच्या निम्मे असते. घरातल्या क्रमाचा मुद्दा मला पटतो, तरीही या मजुराला काय उत्तर द्यायचे ते कोणी सांगावे.

आकडेमोड:
चर्चा एका चुकीच्या गृहीतकावर चालली आहे, ते म्हणजे सवलतीमुळे एसटी बुडते. फेब्रुवारी २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनीच सवलतींमुळे रोज तीन कोटींचा तोटा होतो असे विधान केले होते आणि सवलत बंद होणार नाही असा खुलासाही लगोलग आला. प्रतिपूर्ती पूर्ण आणि वेळेवर मिळत असेल तर सवलत हा महामंडळाचा तोटाच नव्हे, तो शासनाचा खर्च आहे. शासन एका हाताने प्रतिपूर्ती देते आणि दुसऱ्या हाताने भाड्यावर १७.५ टक्के प्रवासी कर घेते, हा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. करोनाचा बंद, त्यानंतर ऑक्टोबर २०२१ पासून काही महिने लांबलेला संप आणि जुन्या गाड्या मोडीत निघत असताना नव्या न येणे ही दुखणी सवलतीच्या आधीची आहेत. ‘पूर्ण तिकीट’ यांच्या मजुराला उत्तर हवे असेल तर ते प्रवासी करात शोधावे. तो कमी केला तर साध्या गाडीचे भाडे सर्वांसाठीच उतरेल.

सह्यमाथा:
शिवशाहीचा मुद्दा मान्य. जिथे दुसरी गाडी नाही तिथे ती साध्या गाडीसारखीच धरावी. शिवनेरीबद्दल मी ठाम आहे. रिकाम्या आसनाचा युक्तिवाद आसने रिकामी असतील तोवरच खरा. शनिवार-रविवारी शिवनेरीचे आरक्षण मिळत नाही, तेव्हा रिकामे आसन कोणते? प्रवासी कराबद्दल ‘आकडेमोड’ यांच्याशी सहमत आहे, पण कर कमी केल्याने बंद पडलेली फेरी आपोआप सुरू होत नाही. प्रतिपूर्ती तिकिटामागे मिळते तोवर आगाराचा कल भरणाऱ्या आणि लांबच्या गाड्यांकडेच राहणार, आणि वाडीवरची गाडी शेवटी उरेल.

माणगंगा:
मग किलोमीटरमागे अनुदान मागा, मी सोबत आहे; परंतु त्यासाठी आधी बायकांची सवलत कापलीच पाहिजे, ही अट कुठून आली? खर्चात जागा करायची वेळ आली की सर्वांत आधी नजर बायकांच्या तिकिटावर का जाते? एकदा शिवनेरी वगळली की पुढच्या अर्थसंकल्पात शिवशाही, त्यानंतर निमआराम. मुक्कामी गाडीचा पैसा १७.५ टक्क्यांतून काढा, तिथे अजून कोणी हात घातलेला नाही.