नेटबॉल: कुणी धक्का दिला नाही तरी लेकीच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, असं कसं होतंय?

खानापूरची_आई:
नमस्कार. आमची थोरली बेळगावात बीकॉमला आहे, नेटबॉल खेळते, विंग अटॅक म्हणजे बाजूनं पुढं पास पोचवणारी. मागच्या महिन्यात इंटर-कॉलेज मॅच मी स्वतः बसून बघत होते. सर्कलच्या, म्हणजे गोल टाकायच्या अर्धगोलाच्या, तोंडाशी पास जरा मागं आला, तिनं हवेतच वळून दोन्ही हातांनी धरला, उजव्या पायावर उतरली आणि गुडघा आत मुडपला. डिफेंडर हातभर लांब होती हो, कुणी शिवलंसुद्धा नाही. टक्क करून आतनं आवाज आला म्हणते. दोन तासांत गुडघा नारळाएवढा सुजला. एक्स-रेत हाडाला काही नाही म्हणून नुसती पट्टी बांधून पाठवलं, मग गावात एकाकडं चार दिवस तेल लावून चोळून घेतलं, ते आठवलं की अजून जीव कळवळतो. सूज उतरली, चालायला लागली आणि एक दिवस जिना उतरताना गुडघा निसटलाच की. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड नि नडगी बांधून ठेवणारी दोरी, पूर्ण तुटलंय असं आलं. सासूबाई म्हणतायत पोरींना कशाला असले खेळ, आणि पोरगी रडून म्हणते माझंच चुकलं. खरंच तिचं चुकलं का?

टिळकवाडी_फिजिओ:
ताई, तिचं काहीच चुकलेलं नाही, हे आधी तिला सांगा. एसीएलच्या बहुतेक इजा अशाच होतात, कुणाचा धक्का न लागता.

नेटबॉलचा नियमच बघा. बास्केटबॉलमध्ये बॉल टप्पा मारत दोन-चार पावलं पुढं जाऊन वेग जिरवता येतो, इथं ती सोय नाही. बॉल धरून जो पाय आधी टेकला तो उचलता येतो पण बॉल सोडायच्या आधी परत टेकवता येत नाही, आणि ३ सेकंदात पास द्यायचा. म्हणजे पळत येऊन मारलेल्या उडीचा सगळा जोर एका-दीड पावलात जिरवायचा, तोही बहुतेक वेळा एकाच पायावर. त्यात नजर बॉलवर, अंग वळलेलं. गुडघा जवळजवळ सरळ, पाऊल जमिनीला चिकटलेलं आणि वरची मांडी आत फिरली की सगळा ताण त्या एका दोरीवर येतो. पाय टेकल्यापासून सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात ते तुटतं, विचार करून सावरायला वेळच नसतो. म्हणून उतरायची सवय आधी अंगात मुरलेली असावी लागते.

अशाच खेळांत मुलांपेक्षा मुलींना ही इजा साधारण दोन-तीन पट जास्त होते हे खरं आहे. कंबरेची ठेवण, हार्मोन यावर डॉक्टरांत अजून वाद चालू आहेत, पण ताकद आणि उतरायची पद्धत या दोन गोष्टी आपल्या हातातल्या. मांडीच्या मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, नडगीला मागं ओढून धरतो, म्हणजे एसीएलचा तो सोबतीच. आपल्याकडं पोरं लहानपणापासून तालमीत नाहीतर फुटबॉलच्या मैदानात, पोरींना मैदान मिळतं ते आठवी-नववीत, आणि तेव्हा लगेच मॅच. मग पाय कधी शिकणार? सासूबाईंना एवढंच सांगा की खेळ बंद करण्यापेक्षा तयारी आधी सुरू करायला हवी होती.

निपाणीची_जीडी:
माझं डाव्या गुडघ्याचं झालंय, म्हणून लिहायलेय. आमचा सराव सिमेंटच्या कोर्टवर, त्यात नवे रबरी सोलचे बूट, पाय असा पकडून धरायचा की अंग फिरायचं पण पाऊल नाही. ऑपरेशननंतर सहाव्या महिन्यात दुखत नाही म्हणून मैदानात गेले आणि परत सूज, परत घरी. घाई करू देऊ नका तिला. निदान नऊ महिने, आणि त्यानंतरही दोन्ही पायांची ताकद मोजून मगच.

चिकोडी_पीटी_टीचर:
आम्ही सरावाआधी पंधरा मिनिटं फक्त उतरायलाच लावतो. बाकावरनं उडी, गुडघे वाकवून, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत, आणि आवाज न करता. धप्प आवाज आला की परत बाकावर. मग एका पायावर, मग हवेत पास धरून. ऑस्ट्रेलियाच्या नेटबॉल संघटनेनं यासाठी अख्खा 'नी' (गुडघ्याचा) प्रोग्राम काढलाय, तिकडं हा पोरींचा मोठा खेळ. अशा वॉर्म-अपनं मुलींमधल्या एसीएलच्या इजा जवळपास निम्म्यावर येतात, पण आठवड्यातनं दोन-तीनदा केलं तरच, मॅचच्या दिवशी एकदा करून काही होत नाही.

खानापूरची_आई:
तुमचं सगळं तिला वाचून दाखवलं. आवाज न करता उतरायचं हे ऐकून म्हणाली, आम्हाला हे कुणी कधी शिकवलंच नाही की. धाकटी नववीत आहे, तीपण खेळायलीय. तिला आत्तापासनंच लावू का?

टिळकवाडी_फिजिओ:
आजपासनंच लावा, घरच्या पायरीवरनं सुरू करू दे. पायरीवरनं एका पायावर उतरताना समोरनं मोबाईलवर व्हिडिओ काढा, गुडघा आत जायलाय का ते लगेच कळतंय. आणि थोरलीच्या डाव्या पायाचाही व्यायाम चुकवू नका, एकदा हे झालं की बऱ्या गुडघ्यालाही धोका वाढतो.