बेसमेंटमध्ये लाइटखाली लावलेली टोमॅटोची रोपं मान टाकतायत, मिरची तर उगवतच नाहीये. मदत हवी

सायली_नेपरविल (१९ मार्च)

नमस्कार मंडळी. आम्ही शिकागोजवळ नेपरविलला असतो, मागच्या वर्षी घर घेतलं आणि पहिल्यांदाच मागे थोडी जमीन मिळालीय. जुलैच्या शेवटी आई-बाबा साताऱ्याहून येणार आहेत, आईला जेवताना ओली मिरची लागतेच आणि इथल्या दुकानातली तिला पटत नाही, म्हणून मनात आहे की ती येईपर्यंत दारात मिरची लगडलेली असावी.

१ मार्चला बेसमेंटमध्ये टेबलावर ट्रे मांडला, ज्वाला मिरचीचे १२ कप्पे आणि टोमॅटोचे १२, वर छताच्या हुकाला एक ग्रो लाइटचा बल्ब टांगला, खोक्यावर १०० वॅट लिहिलंय. टोमॅटो सहाव्या दिवशी वर आले, मी इतकी खूश झाले की लेक शाळेतून आल्या आल्या तिला खाली घेऊन गेले. पण आता ती रोपं नुसती दोऱ्यासारखी झालीत, चार इंच उंच, देठ पांढरट आणि वर दोनच पानं. काल सकाळी तीन आडवी पडलेली दिसली, उचलून बघितली तर मातीलगत देठ चिमटीत धरून पिळल्यासारखा बारीक, तपकिरी आणि ओलसर. मिरची १८ दिवस झाले एकही नाही, उकरून बघितलं तर बी तसंच आहे.

बेसमेंट ६२ डिग्री फॅरेनहाइट असतं, लाइट रात्रंदिवस चालू ठेवलाय, बल्ब ट्रेपासून अडीच फुटांवर आहे, पाणी सकाळ-संध्याकाळ स्प्रेने देते. माती गराजमध्ये एका बादलीत बॅकयार्डची भरून ठेवली होती तीच घेतली. आता परत पेरायला उशीर झालाय का? आणि नेमकं चुकतंय कुठे?

वांगी_मिनेसोटा (१९ मार्च)

सायली, उशीर अजिबात झालेला नाही, आधी हे मनातून काढून टाक. तुमच्याकडे साधारण मेच्या मध्यापर्यंत रात्री दंव गोठून रोपं जायची भीती असते, बरेच लोक मदर्स डे झाल्यावरच टोमॅटो बाहेर लावतात. १५ मे धरला तर आजपासून आठ आठवडे आहेत. टोमॅटोला सहा ते आठ आठवडे लागतात म्हणजे तू तर १ मार्चला जरा घाईच केली होतीस. मिरची आणि वांगं सावकाश वाढतं, त्यांना आठ ते दहा आठवडे लागतात, म्हणून मिरची मात्र आजच्या आज भिजत घाल.

आता लाइट. सगळ्यात मोठी चूक तिथेच आहे आणि ती सुरुवातीला सगळ्यांची होते कारण आपल्या डोळ्याला खोली लख्ख दिसते, आपल्याला वाटतं रोपालाही तेवढंच दिसत असणार. एकटा बल्ब असेल तर अंतर दुप्पट केलं की उजेड चौथा हिस्सा उरतो. अडीच फुटांवर तुझ्या टोमॅटोला संध्याकाळच्या माजघरात बसवल्यासारखं झालंय, म्हणून ती उजेड शोधत मान लांब करतायत. शिवाय ते १०० वॅट म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बच्या हिशोबाने लिहिलेलं असतं बहुतेक वेळा, खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात खरे वॅट बघ, चौदा-पंधरा निघतील.

मी अकरा वर्षं हे करतेय आणि महागडा जांभळा लाइट कधीच घेतला नाही. गराजमध्ये लावतात तो साधा चार फुटी एलईडी शॉप लाइट घे, पांढरा, ५००० केल्विनच्या आसपासचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप), ४० वॅटचे दोन शेजारी शेजारी लावले की त्या चार फूट लांबीखाली ट्रे आरामात बसतात. पांढऱ्या उजेडात पानाचा खरा रंग दिसतो, पिवळं पडतंय का, जांभळट होतंय का ते लगेच कळतं, हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. लाइटला दोन्ही टोकांना साखळी लाव आणि एस हुकने रॅकला अडकव. रोपाचा शेंडा आणि लाइट यात तीन-चार बोटांचंच अंतर ठेवायचं, रोप वाढलं की साखळीची एकेक कडी वर. हाताचा पंजा रोपांच्या उंचीवर उताणा धरून बघ, पंजाला ऊब लागली तर लाइट थोडा वर घे.

आणि रात्रंदिवस चालू ठेवू नकोस. टोमॅटोला सतत उजेड मिळाला तर पानं पिवळी पडतात. साधा टायमर लावून टाक, सोळा तास चालू आठ तास बंद. विजेचं म्हणशील तर ४० वॅटचे दोन लाइट सोळा तास म्हणजे दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास, आठ आठवड्यांचे मिळून ७० ते ७५ युनिट होतात.

सायली_नेपरविल (१९ मार्च)

ताई किती सविस्तर लिहिलंत, खूप धन्यवाद. खोकं बघितलं, मागे खरंच १४ वॅट लिहिलंय. शॉप लाइट उद्याच आणते. मिरचीचं काय करू? नवऱ्याचं म्हणणं इन्स्टंट पॉटमध्ये, म्हणजे विजेच्या कुकरमध्ये, दह्याच्या सेटिंगवर बी ठेवूया का, ऊब मिळेल.

वांगी_मिनेसोटा (१९ मार्च)

नको नको, दह्याचं सेटिंग चाळीस डिग्री सेल्सियसच्या वर जातं, बी शिजून जाईल. मिरचीच्या बीला पाहिजे २७ ते ३० सेल्सियस, म्हणजे आपल्या इथले ८० ते ८५ फॅरेनहाइट. तुझं बेसमेंट ६२ आहे, त्या थंडीत बी महिनाभर नुसतं बसून राहतं आणि मग कुजतं. बियाणं खराब नाहीये.

मटकीला मोड आणतेस ना, अगदी तसंच करायचं. रात्रभर कोमट पाण्यात बी भिजव, सकाळी ओल्या करून घट्ट पिळलेल्या किचन पेपरमध्ये पसरून झिपलॉकमध्ये घाल आणि इडलीचं पीठ फुगायला ठेवतेस तिथे ठेव. मी ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवते. एक कर, ओव्हनच्या बटणावर टेपने चिठ्ठी लाव. माझ्याकडे एका वर्षी घरच्यांनी पिझ्झ्यासाठी ओव्हन तापवला आणि वांग्याचं सगळं बी गेलं, ते बी मला ज्या आजींनी दिलं होतं त्या पुढच्या वर्षी नव्हत्या, मला अजून त्याची हळहळ वाटते. पाच-सहा दिवसांनी रोज उघडून बघ, पांढरं टोक दिसलं की चिमट्याने अलगद उचलून पाव इंच खोल लाव. हीट मॅट, म्हणजे ट्रेखाली ठेवायची विजेवर तापणारी चटई, घेतलीस तर उत्तमच, कप्पे तिच्यावर ठेवायचे आणि उगवण झाली की काढून घ्यायचे.

ओंकार_टोरांटो (२० मार्च)

लाइटचं ताईंनी सांगितलंच आहे, मी फक्त त्या आडव्या पडलेल्या तीन रोपांबद्दल लिहितो कारण मी दोन वर्षं त्यातून गेलोय. मातीलगत देठ बारीक, तपकिरी, ओला, हे वर्णन मर रोगाचं आहे, रोप कोलमडणं म्हणतात ते. मातीतल्या बुरशीने होतं, पिथियम, रायझोक्टोनिया वगैरे. पडलेलं रोप वाचत नाही, कितीही टेकू द्या. ती तीन रोपं त्यांच्या मातीसकट आजच बाहेर टाका, जवळच्या कप्प्यांतलीही एक-दोन दिवसांत जाऊ शकतात.

कारणं तुमच्या पोस्टमध्येच आहेत. बॅकयार्डची माती, गारवा आणि दिवसातून दोनदा स्प्रे म्हणजे वरचा थर कधी सुकतच नाही. बाहेरच्या मातीत बुरशी असतेच, शिवाय ती कप्प्यात दगडासारखी बसते, मुळांना हवा नाही. बी रुजवायला बाजारात सीड स्टार्टिंग मिक्स मिळतं, पीट किंवा कोकोपीटचं, तेच घ्या. ट्रे जुना वापरणार असाल तर एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी करून त्यात दहा मिनिटं बुडवा आणि स्वच्छ धुऊन घ्या. पाणी वरून देऊच नका, खालच्या ट्रेमध्ये ओता, अर्ध्या तासात कप्पे स्वतः शोषून घेतील, उरलेलं ओतून टाका. परत कधी द्यायचं ते ट्रे उचलून बघायचं, हलका लागला की द्यायचं, मला तर आता वजनावरूनच कळतं.

आणि एक छोटा पंखा लावा, मंद, रोपं जेमतेम हलतील इतकाच. वरची माती कोरडी राहते आणि वाऱ्याने हलून हलून देठ जाड होतो. लोक मातीवर दालचिनीची पूड टाका म्हणतात, मी टाकली होती, मला काही फरक दिसला नाही. पंख्याने मात्र दिसला.

उरलेली टोमॅटोची रोपं धडधाकट असतील तर लगेच फेकू नका असं मला वाटतं. खरी पानं, म्हणजे पहिल्या दोन बीजपत्रांनंतर येणारी कातरलेली पानं, ती आली की खोल कपात पानांपर्यंत देठ मातीत गाडून लावा. टोमॅटोच्या गाडलेल्या देठाला मुळं फुटतात. मिरचीला हे करू नका, ती जेवढी बाहेर असेल तेवढीच ठेवायची.

गिरणारेकर (२० मार्च)

ताई मी नाशिकजवळ गिरणाऱ्याला असतो, आमची रोपवाटिका आहे, टोमॅटो मिरची कोबी फ्लॉवर सगळी रोपं करतो. लाइटचा आम्हाला अनुभव नाही, आमच्याकडे ऊन जास्त म्हणून शेडनेट लावून कमी करावं लागतं, पण रोप ते रोपच म्हणून लिहितो.

आम्ही ९८ कप्प्यांच्या प्रोट्रेमध्ये कोकोपीट भरून एका कप्प्यात एक बी टाकतो, मग सगळे ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकच्या कागदाने झाकून टाकतो. त्या थप्पीत आपोआप ऊब आणि ओल धरली जाते आणि सगळं बी बरोबरीने उगवतं. पण कोंब दिसायला लागले की त्याच दिवशी थप्पी मोडून ट्रे उजेडात मांडायचे, एक दिवस जरी उशीर झाला तरी रोपं लांबतात आणि ती लांबलेली मान परत कधी आखूड होत नाही. तुम्हीही ट्रेवर झाकण ठेवत असाल तर पहिला कोंब दिसताच काढा आणि लाइट खाली आणा, सगळी उगवायची वाट बघत बसू नका.

दुसरं म्हणजे रोप कडक करणं. गिऱ्हाइकाला रोप द्यायच्या आधी आठवडाभर आम्ही पाणी तोडत आणतो आणि उन्हात काढतो, नाहीतर शेतात लावल्यावर दुपारी रोप मान टाकतं. तुमचं रोप तर घरातच वाढलेलं, ना ऊन बघितलं ना वारा. त्याला पहिल्या दिवशी तासभर सावलीत ठेवा, मग थोडं सकाळचं ऊन, रोज तास-दोन तास वाढवत न्या, आठ-दहा दिवस लागू द्या. एकदम उन्हात ठेवलं तर पानं पांढरी पडून करपतात. आणि रोप उंच झालं म्हणून चांगलं असं समजू नका, आम्ही रोप घेताना बुटकं, जाड देठाचं आणि गड्डा पांढऱ्या मुळांनी भरलेला बघून घेतो.

वांगी_मिनेसोटा (२० मार्च)

गिरणारेकर दादा, हे थप्पीचं मला माहीतच नव्हतं. आणि कडक करण्याचं अगदी बरोबर. फक्त सायली, रात्री पारा ५० फॅरेनहाइटच्या खाली जाणार असेल तर रोपं आत घ्यायची, मिरचीला तर ५५ सुद्धा गारच वाटतं. मिरची टोमॅटोनंतर आठवडा-दोन आठवड्यांनी जमिनीत गेली तरी चालेल.

सायली_नेपरविल (२१ मार्च)

सगळ्यांचे मनापासून आभार. शॉप लाइट आणला, रॅकला साखळीने लावला, पंखाही लावला. सात टोमॅटो उरलेत, ते ठेवलेत. मिरचीचं बी आत्ता ओव्हनमध्ये आहे, चिठ्ठीसकट. अजून एक विचारू का, लाइटखाली जागा उरलीय बरीच, तिथे कोथिंबीर मेथी होईल का? आणि कढीपत्ता?

ओंकार_टोरांटो (२१ मार्च)

होईल की, आणि गंमत म्हणजे तुमच्या ज्या गार बेसमेंटने मिरचीला अडवलं तेच कोथिंबिरीला मानवतं. उष्णता वाढली की ती फुलावर येते, ६२ डिग्रीत मस्त पानं देते. डब्यातले धणे चालतात, फक्त पोळपाटावर लाटण्याने हलके दाबून प्रत्येक धण्याचे दोन भाग करायचे, एका धण्यात दोन बिया असतात. रात्रभर भिजवून थेट पाच-सहा इंच खोल कुंडीतच पेरा, तिचं मूळ सरळ खाली जातं, उपटून दुसरीकडे लावलेलं तिला सोसत नाही. उगवायला दोन आठवडे लागू शकतात, तोवर माती सुकू देऊ नका.

मेथी त्याहून सोपी. दोन इंच उंचीचा ट्रे, दाट पेरायची, तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते. मी दोन आठवड्यांतच मुळासकट उपटतो, मुंबईत मिळते ना वाळूतली समुद्रमेथीची छोटीशी जुडी, तशीच कोवळी, लसूण आणि सुक्या मिरचीवर परतली की फेब्रुवारीत बाहेर बर्फ असताना ताटात हिरवं काहीतरी ताजं येतं, त्याचं मला फार अप्रूप आहे.

कढीपत्ता बियांपासून फार सावकाश होतो आणि बी ताजंच लागतं, सुकलेलं उगवत नाही. त्यापेक्षा परवाना असलेल्या नर्सरीतून रोप घ्या. भारतातून आणायला सांगू नका आई-बाबांना, रोपही नको आणि बियांच्या पुड्याही नकोत. अशा रोपा-बियांना परवाना आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला, लागतो, विमानतळावर काढून घेतात. कढीपत्त्यावर लिंबू-संत्र्याच्या झाडांचा रोग पसरवणारी कीड राहते म्हणून त्याबद्दल तर जास्तच कडक आहेत.

सायली_नेपरविल (२ एप्रिल)

आली!! १२ पैकी ९ बियांना ओव्हनमध्ये आठव्या दिवशी टोकं फुटली, त्याच दिवशी कप्प्यांत लावली आणि आज सकाळी सहा वर आलीत. आधी मातीतून एक पांढरी कमान वर आली, वाकलेली, जणू कोणी सुईने टाका घातलाय, आणि दुपारपर्यंत सरळ झाली. टोमॅटोला खरी पानं आली, सांगितलं तसं खोल कपात गाडले, सातही उभे आहेत, बोटाने पान चोळलं तर टोमॅटोचा तो खास वास येतो. व्हिडिओ कॉलवर आईला ट्रे दाखवला, ती म्हणाली लाइट काढ मध्ये येतोय, मला रोपं बघू दे.

एका मिरचीच्या पानांवर बीचं टरफल टोपीसारखं अडकलंय, पानं उघडतच नाहीयेत. ओढून काढू का?

वांगी_मिनेसोटा (२ एप्रिल)

ओढू नकोस, शेंडा तुटेल. बोटाने पाण्याचा एक थेंब त्या टोपीवर ठेव, अर्ध्या तासाने परत एक, मऊ झालं की बहुतेक रात्रीतून आपणच पडतं. उद्या सकाळीही तसंच असेल तर चिमट्याने टरफलाची फक्त कड हलकेच दाब, ते उकलेल. आणि खत अजून आठ-दहा दिवस नको, खरी पानं आली की पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव मात्रेने सुरू कर.

सायली_नेपरविल (३ एप्रिल)

पडलं टरफल, रात्रीतच. आता सात झाल्या.