एन्ट्रॉपी पूल: ‘साठा’ का नको?

तळटीप: लिनक्स या संगणकप्रणालीच्या मार्गदर्शिकेचा मराठी अनुवाद चालू आहे. त्यात ‘एन्ट्रॉपी पूल’ येतो: कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, अटकळता न येणारे बिट जिथे गोळा करतो ती जागा. ‘हार्डवेअर जनित्रातले यादृच्छिक बिट कर्नलच्या एन्ट्रॉपीच्या साठ्यात भरावेत’ असं लिहिलं, तर तपासनिसाने ‘साठा’ आणि ‘भरावेत’ दोन्ही खोडले. कारण दिलं नाही. काय चुकलं?

खटकेबाज: साठा म्हटला की तो उपसल्यावर आटणार. ती समजूत जुन्या कर्नलची. तेव्हा पूल ४०९६ बिटांचा होता, डेव्ह-रँडम या यादृच्छिक बिट देणाऱ्या फाइलीतून वाचलं की हिशेबातला आकडा उतरायचा आणि तळ गाठला की वाचणारा प्रोग्राम अडून बसायचा. ५.६ (२०२०) पासून पूल एकदा तयार झाला की अडणं संपलं. ५.१८ पासून शिल्लक दाखवणाऱ्या ‘एन्ट्रॉपी-अव्हेल’ फाइलीत २५६ दिसतं आणि कितीही वाचलं तरी २५६च राहतं. अटकळता न येणारे २५६ बिट मिळाले की चाचा-२० हे सांकेतीकरणाचं सूत्र त्यांतून हवे तेवढे बिट काढतं.

शेवंता: म्हणजे विरजण! चमचाभर पुरे.

खटकेबाज: विरजण एकदाच लावतात. कर्नल मधूनमधून नवे बिट घेऊन बीज बदलत असतो. सुंदर, पण नको.

रेडिओवाला: ‘भरावेत’ त्याहून घातक, कारण इथे क्रिया दोन आहेत. डेव्ह-रँडमवर कुणीही काहीही लिहिलं तरी ते पुलात मिसळतं, पण जमा धरलं जात नाही. जमा धरायचं तर आरएनडी-अ‍ॅड-एन्ट्रॉपी हा आयॉक्टल (कर्नलला द्यायची खास आज्ञा) लागतो आणि रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, अधिकार. आरएनजीडी हा प्रोग्राम तेच करतो: हार्डवेअर जनित्राची फाइल डेव्ह-एचडब्ल्यूआरएनजी वाचतो, २०,००० बिटांच्या गठ्ठ्यावर फिप्स १४०-२ या अमेरिकी मानकाच्या चाचण्या लावतो, नापास गठ्ठा फेकतो, उरलेला जमा करतो. नुसतं ‘भरावेत’ वाचून माणूस ‘कॅट’ आज्ञेने बिट नुसते ओतून मोकळा होईल आणि मशीन सुरू होताना कर्नलकडे यादृच्छिक बिट मागणारा गेटरँडम तसाच थांबून राहू शकेल.
‘मिसळणे’ आणि ‘जमा धरणे’ असे दोन शब्द ठेवा.

शुद्धमती: ते ठीक, पण ‘एन्ट्रॉपी’ तशीच का? ‘अव्यवस्था’ म्हणा.

रेडिओवाला: अजिबात नाही. जनित्रातल्या झेनर डायोडचा विद्युत गोंगाट ऑसिलोस्कोपवर कितीही अस्ताव्यस्त दिसो, त्यात विजेचा ५० हर्ट्‌झचा गुणगुणाट शिरला की पुढच्या बिटाची अटकळ बांधता येते. मोजायची ती अटकळ. शून्यापासूनचे आकडे क्रमाने घेऊन एईएस या सांकेतीकरणाने गुंडाळले तरी ते फिप्स चाचण्या पास होतात. किल्ली माहीत असणाऱ्याला त्यात अनिश्चित काहीच नसतं. उलट अस्सल जनित्राचाही हजारात एखादा गठ्ठा नापास होतोच, लगेच चिप बदलू नका.

शुद्धमती: मग ‘अनिश्चितता’. माहिती-सिद्धांत मांडणाऱ्या शॅननच्या १९४८च्या लेखातला अर्थ तोच. भौतिकशास्त्रज्ञ क्लॉसियसने १८६५मध्ये ग्रीकवरून शब्द घडवला, आपण संस्कृतवरून का घडवू नये?

खटकेबाज: घडवा, पण फाइलीचं नाव बदलणार नाही. वाचकाला टर्मिनलवर ‘एन्ट्रॉपी’च शोधायची आहे.

शेवंता: ‘यादृच्छिक’ तरी का? जीभ अडखळते. ‘स्वैर’ बरा.

शुद्धमती: स्वैराचारातला स्वैर? दहावीच्या बीजगणितात ‘यादृच्छिक प्रयोग’ रुळलाय. यदृच्छा म्हणजे आपसूक घडलेलं. बरेच जण त्यात ‘इच्छा’ शोधतात, तिथे ‘ऋच्छ्’ धातू आहे.

तळटीप: बरं, पण साठ्याऐवजी लिहू काय? पुढच्याच परिच्छेदात गणिती फॉन नॉयमनची युक्ती आहे, तिथे झुकाव (शून्य किंवा एक जास्त वेळा येणं) काढायला ‘गाळणे’ वापरलंय.

रेडिओवाला: गाळणे चालेल. बिटांच्या जोड्या पाडायच्या: ०१ आला तर ०, १० आला तर १, ०० आणि ११ टाकून द्यायचे. शून्य-एक समसमान असले तरी चारांतला एकच बिट हाती लागतो. मात्र बिट एकमेकांपासून स्वतंत्र हवेत, ही अट अनुवादात गाळू नका. शेजारचे बिट एकमेकांवर अवलंबून असतील तर ही युक्ती कुचकामी.

शुद्धमती: ‘झुकाव’ हिंदी वळणाचा वाटतो. मराठीत ‘कल’.

खटकेबाज: कल निवडणुकीचा. झुकणे मराठीच आहे की!