वळू घोडा एकाच घोडीला नाकारतोय, बाकी सगळ्या चालतात. काय करावं?

टापांचा_आवाज

नमस्कार मंडळी. आमचा वळू घोडा ९ वर्षांचा आहे, स्वभावाने शांत, हाताळायला सोपा, आणि आजवर कुठल्या घोडीला त्याने नाही म्हटलेलं नाही. या हंगामात मात्र एका घोडीपाशी येऊन सगळं अडलंय. लांबून तिला बघतो तेव्हा खिंकाळतो, पाय आपटतो, ओढ घेत जातो, जवळ गेला की तिच्या बगलेचा आणि मागचा वास घेतो, वरचा ओठ उचलून मान वर करून उभा राहतो आणि मग एकदम थंड. मान फिरवतो, कान पाडतो आणि दाराकडे निघतो. थोडा वेळ तयार झालेला असतो (म्हणजे लिंग ताठ होतं) तोही उतरतो. त्याच दिवशी दुसरी माजावरची घोडी पुढे आणली तर लगेच तयार, म्हणजे त्याच्या ताकदीचा किंवा इच्छेचा प्रश्न नाही एवढं नक्की.

घोडी ६ वर्षांची आहे, अजून एकदाही गाभण राहिलेली नाही, त्याच्यापेक्षा जरा उंच. माजाची लक्षणं दिसतात, शेपटी बाजूला करते, मागचे पाय फाकून थोडं थोडं मुतते, निरण (योनीचं तोंड) उघडझाप करते. आमच्याकडचा एक माणूस म्हणतो दोन फटके द्या म्हणजे चढेल, मला ते अजिबात पटत नाही पण माज तर वाया चाललाय. कुणी असं बघितलंय का, नेमकं काय तपासायचं आणि काय करायचं ते सांगा प्लीज.

जुना_पागेवाला

भाऊ पहिली गोष्ट, फटका नाही म्हणजे नाही. घोडी लावायच्या जागी मार खाल्लेला घोडा आधी त्या जागेला बुजतो, मग धरणाऱ्या माणसाला, आणि पुढे पुढे चांगल्या घोडीपाशीही अर्धवट तयार होऊन उतरायला लागतो. अशा घोड्याला परत लायनीवर आणायला अख्खा हंगाम जातो. तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे, त्यावर ठाम राहा.

दुसरं, घोडा नाकारतोय म्हणजे आडमुठेपणा करतोय असं धरूनच चालू नका. ती आत्ता तयार आहे की नाही हे त्याच्या नाकाला आपल्या डोळ्यांपेक्षा बरंच आधी कळतं. माज साधारण ५ ते ७ दिवस टिकतो, चक्र २१ दिवसांच्या आसपासचं, आणि बीज सुटतं ते माजाच्या शेवटच्या २४ ते ४८ तासांत. म्हणून काही घोडे सुरुवातीच्या दिवसांत वास घेऊन मागे फिरतात आणि दोन दिवसांनी त्याच घोडीवर निवांत चढतात. हंगामाच्या तोंडाशी तर घोड्या कधी कधी दोन दोन आठवडे माजावर असल्यासारख्या वागतात आणि बीज काही सुटत नाही. तर हा माज कितव्या दिवसावर आहे?

तिसरं, घोडीकडे नीट बघा. माजावर असणं वेगळं आणि घोड्याखाली उभं राहणं वेगळं. पहिलटकरीण घोडी फळीच्या पलीकडून सगळी लक्षणं दाखवते, पण त्याची छाती तिच्या पुठ्ठ्याला लागली की पाठ आवळते, शेपटी दाबते, एका मागच्या पायावरचा भार काढून घेते. माणसाला हे दिसेपर्यंत लाथ बसलेली असते, घोड्याला मात्र ते आधीच समजतं. कधीतरी लाथ खाल्लेला घोडा असा इशारा मिळाला की सरळ काढता पाय घेतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

नवा_सवार

माझ्या ओळखीत एकाने टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन दिलं होतं, घोडा खूप जोरात आला म्हणे. ते करून बघता येईल का?

घोड्यांची_डॉक्टर

@नवा_सवार नको, आणि हे मी जरा जोर देऊनच सांगतेय कारण हा सल्ला फार पसरलेला आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश कमी होतो, वृषणं लहान व्हायला लागतात, शुक्राणू घटतात, आणि एक शुक्राणू वृषणात तयार व्हायलाच जवळपास ५७ दिवस लागतात त्यामुळे झालेलं नुकसान महिनोन्महिने पुरतं. वर घोडा मारका होतो ते वेगळंच. आणि मुळात या घोड्याची इच्छा कमी नाहीये, दुसऱ्या घोडीला तो लगेच तयार होतोय. दुखणं एका ठिकाणी आणि औषध भलत्याच ठिकाणी असं होईल ते.

@टापांचा_आवाज, घोडा बाकी सगळ्यांना चालवतो आणि एकीलाच नाकारतो तेव्हा मी आधी घोडी तपासते. सोनोग्राफीत अंडाशयात बीज खरंच वाढतंय का आणि गर्भाशयात माजाची ती ठराविक सूज दिसते का ते बघायचं. अंडाशयाची ग्रॅन्युलोसा सेल ट्युमर नावाची एक गाठ असते, त्यात एक अंडाशय मोठं होतं आणि दुसरं आक्रसून लहान राहतं. अशी घोडी कधी सतत माजावर असल्यासारखी वागते, कधी माजावर येतच नाही, कधी चक्क नरासारखी वागायला लागते, दुसऱ्या घोड्यांवर धावून जाते. शंका आली तर रक्तातले हार्मोन तपासून कळतं. तुमची घोडी ६ वर्षांची होऊनही गाभण राहिलेली नाही, म्हणून आधीच्या हंगामांत तिला लावली होती का हेही डॉक्टरांना सांगा.

मग वास. गर्भाशयात किंवा योनीत इन्फेक्शन असेल, लघवी आत साचत असेल, निरण नीट मिटत नसल्याने आत हवा जात असेल तर वास बदलतो. स्वॅब (कापसाच्या काडीवर आतला नमुना) घेऊन बघा. निरणावर आणि घोड्याच्या लिंगावर बारीक फोड किंवा फुटलेले व्रण आहेत का तेही उजेडात बघा, घोड्यांच्या हर्पीसचा एक प्रकार समागमातून पसरतो, त्यात फोड दुखतात आणि बरे होईपर्यंत, म्हणजे साधारण ३ आठवडे, दोघांनाही पूर्ण विश्रांती लागते. असे फोड दिसले तर त्या घोड्याला दुसऱ्या घोड्यांनाही लावू नका.

आणि एक साधा प्रश्न, तिला धुता कशाने?

टापांचा_आवाज

सगळ्यांना धन्यवाद, बरीच दिशा मिळाली. आमच्या डॉक्टरांनी आज तपासलं. दोन्ही अंडाशय व्यवस्थित आहेत, डाव्या बाजूला ४० मिमीचं फॉलिकल (बीजाची पिशवी) आहे, गर्भाशयात सूज आहे, म्हणजे माज खरा आहे आणि बीज सुटायला आलंय. फोड, व्रण काही नाहीत. स्वॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली काही वावगं दिसलं नाही, कल्चरचं (जंतू वाढवून बघायची तपासणी) यायचंय. मागच्या हंगामांत तिला लावलेलीच नव्हती, कामाला होती. आणि वरून विचारलेलं नीट बघितलं तर ती पाय उचलत नाही, पाठही आवळत नाही, छान उभी राहते.

धुतो ते उग्र वासाच्या जंतुनाशकाने, बाकीच्या घोड्यांनाही तेच वापरतो, पण तिला पहिल्यापासून जरा जास्तच लावलं जातं.

अजून एक, महत्त्वाचं आहे की नाही माहीत नाही. ही घोडी शिंगरू असल्यापासून त्याच्या शेजारच्या कप्प्यात आहे. त्याची मुलगी नाही, पण दोघं एकमेकांच्या डोळ्यांसमोर वाढलेत, कुंपणावरून एकमेकांची मान खाजवतात.

रिकीब

हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. मोकळ्या कळपांचा अभ्यास झालेला आहे, तिथे वळू आपल्या कळपात जन्मलेल्या माद्यांकडे फारसं बघत नाही, आणि त्या माद्या वयात आल्या की बहुतेक वेळा कळप सोडून दुसरीकडे जातात. लहानपणापासूनची ओळख हाच त्यातला मोठा भाग असावा असं मला वाटतं, नातं त्याला कुठून कळणार. तुमच्या घोड्याच्या लेखी ती घरातलीच असेल तर तो तिला का टाळतोय हे समजण्यासारखं आहे. पुढच्या हंगामासाठी सोय असेल तर तिला काही आठवडे त्याच्या नजरेआड, वाऱ्याआड ठेवा. पण आत्ता ४० मिमीचं फॉलिकल आहे तेव्हा तेवढा वेळ नाही, आत्ताचं सांगतो.

जंतुनाशक बंद करा. शेपटीला पट्टी बांधा, निरण आणि आजूबाजूचा भाग कोमट साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा. घोड्यालाही नुसतं कोमट पाणी, कारण सारखा साबण लावला की त्याच्या कातडीवरचे निरुपद्रवी जंतू मरतात आणि नको ते त्यांच्या जागी घर करतात.

आता अदलाबदल. त्याला आवडणारी, माजावरची दुसरी घोडी भक्कम फळीच्या मागे उभी करा आणि ही घोडी फळीच्या अलीकडे, अशी की हिच्या मानेवरून त्याला ती समोर दिसत राहील. आधी त्याला आवडत्या घोडीकडे न्या, बोलू दे, वास घेऊ दे, घाई करू नका. तो पूर्ण तयार झाला, की थांबवायचं नाही, वळवून हिच्या डाव्या बाजूने पुठ्ठ्याकडे आणायचं आणि तिथे परत वास घ्यायला वेळच द्यायचा नाही, तो नाक खाली नेतो तोवर त्याला वर जायला मोकळीक द्यायची. सगळी गंमत या दोन-चार सेकंदांत आहे. धरणाऱ्याने दोर आवळून धरला तर घोडा तिथेच विझतो, दोर ढिला पण हातात पाहिजे, नजर त्याच्या कानांवर पाहिजे. कान पुढे आहेत तोवर सगळं ठीक.

नाकपुड्यांच्या कडेला आधी मेंथॉलचं मलम चोळलं तर हिचा वास झाकला जातो, पण ते तो आवडत्या घोडीपाशी तयार झाल्यावर लावा, नाहीतर तिचाही वास येणार नाही. काहीजण आवडत्या घोडीचं माजातलं मूत हिच्या पुठ्ठ्यावर शिंपडतात, तेही चालतं, फक्त ती घोडी निरोगी असल्याची खात्री पाहिजे आणि निरणाला लागू द्यायचं नाही. दिसण्यावरून बिचकत असेल तर डोळ्यांना झापडं किंवा घोडीच्या पाठीवर पातळ झूल, पण तुमच्या वर्णनावरून हा मामला दिसण्याचा नाही, नाकाचा आहे.

जुना_पागेवाला

रिकीब यांनी सांगितलंय त्यात सुरक्षेचं जोडतो कारण दोन घोड्या आणि एक वळू एका जागी म्हणजे खेळ नाही. तिन्ही जनावरांना वेगळा माणूस, सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, जमीन न घसरणारी. या घोडीचा आणि वळूचा माणूस एकाच बाजूला, दोघंही डावीकडे. काही बिनसलं तर दोन्ही तोंडं आपल्याकडे ओढायची म्हणजे मागचे पाय आपल्यापासून लांब जातात. घोडीच्या बरोब्बर मागे कुणीही थांबायचं नाही, फोटो काढायलाही नाही.

ती उंच आहे म्हणालात, तर तिचे मागचे पाय थोड्या खोलगट जागेत येतील अशी उभी करा. घोड्याला वर जाऊन पोचत नाही असं दोनदा झालं की तो तिसऱ्यांदा प्रयत्नच करत नाही.

आणि सारखं सारखं घेऊन जाऊ नका. एकदोन वेळा शांतपणे प्रयत्न, नाही झालं तर थोडं फिरवून आणायचं आणि त्या दिवसापुरतं सोडून द्यायचं. न रागावता बाहेर आलेला घोडा उद्या परत आनंदाने आत येतो.

घोड्यांची_डॉक्टर

तपासणीचे रिपोर्ट वाचून बरं वाटलं. वरचे दोघंही सांगतायत ते बरोबर आहे, पण सोबत कृत्रिम रेतनाची तयारी ठेवा, कारण या फॉलिकलकडे फार वेळ नाही. आवडत्या घोडीवर किंवा डमीवर (खोटी घोडी) त्याचं वीर्य कृत्रिम योनीत घ्यायचं (आतलं तापमान ४४ ते ४८ अंश सेल्सिअस), उजेड, थंडी, पाणी आणि साबण यांपासून जपायचं आणि लगेच हिच्या गर्भाशयात सोडायचं. ताजं वीर्य चांगल्या घोडीत साधारण ४८ तास काम देतं, आणि ३५ मिमीच्या वरचं फॉलिकल असताना एचसीजी (बीज सुटायला लावणारं हार्मोन) दिलं तर बीज बहुतेक वेळा ३६ ते ४८ तासांत सुटतं, त्यामुळे वेळ जुळवता येते. मात्र थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) असेल तर हा रस्ता बंद आहे, त्यांच्या स्टड बुकात (जातीच्या नोंदवहीत) नैसर्गिक समागमातून झालेलंच शिंगरू नोंदवतात. दुसऱ्या जातीची असेल तरी नोंदणीचे नियम आधी वाचा.

टापांचा_आवाज

थरोब्रेड नाही, रेतनाला परवानगी आहे, तरी आधी अदलाबदल करून बघायचं ठरवलं. आज सकाळी जमलं! जंतुनाशक बंद, घोडी खोलगट जागेत, आवडती घोडी फळीमागे. पहिल्यांदा वळवला तेव्हा नाक खाली घालून परत वास घेतलाच आणि न चढताच थंड पडला. फिरवून आणलं, दुसऱ्या वेळी मलम लावून सरळ पुठ्ठ्याकडे आणला, कान पुढे होते, चढला. शेपटी खालीवर हलली, खाली हात धरलेल्या माणसाला लिंगाच्या मुळाशी ठोकेही लागले, म्हणजे वीर्य सुटलंय ना? उतरल्यावर त्याने तिच्याकडे बघितलंही नाही, सरळ दुसरीकडे मान.

घोड्यांची_डॉक्टर

अभिनंदन, आणि हो, शेपटीची हालचाल आणि ठोके दोन्ही मिळाले म्हणजे वीर्य सुटलंय. उतरताना दोन थेंब मिळाले असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली बघून शंभर टक्के खात्री करता येते. आता उद्या-परवा सोनोग्राफी करून बीज सुटलं का बघा. ४८ तास होऊनही सुटलं नसेल तर त्याला परत लढाईला नेऊ नका, रेतन करा. बीज सुटल्याचा दिवस लिहून ठेवा आणि तिथून १४ ते १६ व्या दिवशी गाभ तपासा. जुळी असतील तर एक गर्भ काढायला तीच वेळ सगळ्यात सोपी असते, पुढे दोन्ही एका जागी चिकटले की अवघड होतं, आणि घोडीत जुळी सहसा टिकत नाहीत, घोडीच्याही जिवावर बेततं. कल्चरचा रिपोर्ट आला की इथे टाका, त्यात काही निघालं तर उपचार आठवडाभर थांबवण्यात अर्थ नाही.