मदत हवी आहे: मोबाइलवर पूलचा पंप 'चालू' दिसतो, पाणी मात्र हिरवं

निळाई
बावधनला आमच्या घरी छोटा पूल आहे. गेल्या महिन्यात पंप, दिवे, क्लोरीन आणि अ‍ॅसिडचं डोसिंग (छोट्या पंपांनी आपोआप मोजून सोडणं) असं सगळं एका कंट्रोलरवर घेतलं. मोबाइलवरून चालतं. पहिला आठवडा छान गेला. आता मोबाइलवर पंप व्यवस्थित चालू दिसतो आणि पाणी हिरवं होत चाललंय. बसवणारा म्हणतो वाय-फाय बदला. राउटर बदलला, काही फरक नाही. आईच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, डॉक्टरांनी पाण्यातले व्यायाम सांगितलेत, त्यासाठीच हा सगळा खर्च केला. रविवारपासून तिला उतरवायचंय. काय बिघडलंय ते प्लीज लवकर सांगा.

कोथरूडकर
पूल किती लिटरचा? पंप किती एचपीचा? पाणी कॉर्पोरेशनचं की बोअरचं?

खारंपाणी
डोसिंगची भानगडच काढून टाका आणि पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन बनवणारा सॉल्ट क्लोरिनेटर बसवा. माझ्याकडे चार वर्षं आहे. पाण्यात ३००० ते ४००० पीपीएम मीठ लागतं, समुद्राच्या पाण्याच्या जवळपास दहावा भाग. क्लोरीन तिथल्या तिथे तयार होतं, कॅन आणायला नकोत. डोळे चुरचुरत नाहीत. आईंसाठी तर हेच उत्तम.

कोथरूडकर
@खारंपाणी, बोअरचं पाणी असेल तर क्लोरिनेटरच्या सेलमधल्या (क्लोरीन तयार होतं त्या भागातल्या) पत्र्यांवर पांढरा थर धरतो, महिन्या-दोन महिन्यांनी अ‍ॅसिडने धुवा. आपल्याकडे बोअरला किती जड पाणी लागतं ते गीझर उघडून बघा. त्यापेक्षा पंपाला व्हीएफडी लावा, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र. वेग निम्मा केला की वीज हिशोबाने एक अष्टमांशावर येते. हळू आणि जास्त वेळ फिरवायचं, फिल्टरही चांगला काम करतो.

खारंपाणी
निम्म्या वेगावर सँड फिल्टरचं बॅकवॉश (पाणी उलटं सोडून वाळू धुणं) होत नाही, वाळू उचललीच जात नाही. तेही सांगा की.

कोथरूडकर
बॅकवॉशला पूर्ण वेग द्यायचा. त्यासाठीच तर ऑटोमेशन आहे.

थेंबभर
बॅकवॉशचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते, ते पाणी कुठे सोडता? उन्हाळ्यात बावधन-सूस भागात टँकरच्या रांगा लागतात. क्लोरीन उतरल्यावर ते झाडांना देता येतं. आमच्या सोसायटीत दोन दिवस टाकीत उघडं ठेवतो, मग बागेला.

निळाई
पाणी झाडांनाच जातं. पण माझा प्रश्न तो नाहीये. पूल ८ बाय ४ मीटर, खोली सरासरी १.३५. पंप दीड एचपी. पाणी बोअरचं. वाय-फायची रेंज पंपरूममध्ये कमी येते, त्याने असं होईल का?

तीनफेज
म्हणजे साधारण ४३ हजार लिटर. ताई, एकच सांगा. मोबाइलवर 'चालू' दिसतं त्या वेळी पंपरूममध्ये जाऊन कुणी मोटरला हात लावून पाहिलाय का? आवाज येतो का? फिल्टरवरचा प्रेशर गेज काय दाखवतो?

निळाई
मी ऑफिसला असते. आई जिने उतरत नाही. माळीकाका सकाळी येतात, ते म्हणतात बऱ्याचदा बंद असतो, मग ते हिरवं बटण दाबतात. मला वाटलं वेळ झाली नसेल म्हणून बंद असेल.

सदाशिव३०
क्लोरीन कमी पडतंय. टीसीसीए ९० च्या (क्लोरीनच्या) गोळ्या तरंगत्या डब्यात घालून सोडा, दोन दिवसांत काच.

कोथरूडकर
गोळ्यांनी पाण्यात सायन्युरिक अ‍ॅसिड (क्लोरीनला उन्हापासून जपणारं, पण त्याचा जोर कमी करणारं रसायन) साठत जातं. यांचं डोसिंग ओआरपी प्रोबवर (क्लोरीनचा जोर मोजणाऱ्या सेन्सरवर) असेल तर त्याचं रीडिंग खाली येईल आणि मशीन आणखी क्लोरीन ओतेल. आणि कुणी त्याच डब्यात ब्लीचिंग पावडर घालू नका, भडका उडतो.

तीनफेज
हिरवं बटण! म्हणजे जुना डीओएल स्टार्टर (मोटर थेट लाइनवर सुरू करणारा बटणाचा डबा) तसाच आहे. तुमच्याकडे लाइट कधी जाते?

निळाई
गुरुवारी हमखास, दुरुस्तीसाठी. शिवाय पाऊस आला की अधूनमधून. लाइट पाच मिनिटांत येते पण.

तीनफेज
पाच सेकंदांसाठी गेली तरी तेच. बटणाच्या स्टार्टरमध्ये हिरवं बटण दाबल्यावर कॉन्टॅक्टर (कॉइलच्या चुंबकाने ओढला जाणारा मोटरचा स्विच) स्वतःच्याच होल्डिंग कॉन्टॅक्टवर धरून राहतो. वीज गेली की कॉइल सोडते, आणि आल्यावर कुणीतरी पुन्हा बटण दाबेपर्यंत उचलत नाही. तो दोष नव्हे, माणसाचा हात मशीनमध्ये असताना मोटर अचानक फिरू नये म्हणून तशी रचना असते. तुमच्या माणसाने कंट्रोलरचा रिले (हुकमावर चालणारा छोटा स्विच) बहुतेक त्या कॉइलच्या सप्लायमध्ये नुसता मालिकेत टाकलाय. अशाने तो पंप बंद करू शकतो, सुरू करू शकत नाही. मोबाइलवर दिसतं ते 'मी हुकूम दिला' एवढंच. पाणी वाहतंय का, हे कंट्रोलरला कळायला तिथे काहीच नाही.

आता घाईचं. डोसिंग पंप कशावर चालतात? त्याच कंट्रोलरवर? आणि पंपरूममध्ये किंवा पुलाजवळ उग्र वास येतो का?

निळाई
हो, त्याच कंट्रोलरवर. सकाळी काका बटण दाबतात तेव्हा इनलेटमधून बुडबुडे येतात आणि खोकला येईल असा वास. थोड्या वेळाने जातो. क्लोरीन भरपूर आहे असं वाटून मी निर्धास्त होते.

तीनफेज
ताई, दोन्ही डोसिंग पंपांचे प्लग आत्ता काढा. फोन करून काकांनाही सांगा, वास असला तर आत थांबायचं नाही, दार उघडून बाहेर यायचं. पाणी थांबलेलं असताना कंट्रोलरला वाटतं पंप चालू आहे. प्रोब साचलेल्या पाण्यात बसून क्लोरीन कमी दाखवतो, म्हणून तो ओततच राहतो. हायपो (कॅनमधलं द्रव क्लोरीन) आणि अ‍ॅसिड त्याच पाइपात एकत्र येतात आणि क्लोरीनचा वायू तयार होतो. पंप सुरू झाला की तो सगळा इनलेटमधून पुलात. त्या वेळी कुणी पाण्यात असतं तर? पंप सुरू करताना पुलात माणूस नको.

निळाई
प्लग काढायला लावले. हात कापताहेत माझे. रविवार रद्द.

खारंपाणी
माझा सॉल्टचा आग्रह बाजूला ठेवतो. तीनफेज म्हणतात तसं करा. पाणी वाहतंय का ते ओळखणारा फ्लो स्विच माझ्याकडे आहे, पाणी थांबलं की सेल बंद होतो.

तीनफेज
इलेक्ट्रिशियनला सांगायचं: ऑटो-मॅन्युअल सिलेक्टर लावा. ऑटोवर रिलेचा कॉन्टॅक्ट थेट कॉइल उचलेल, मध्ये हिरवं बटण नको. ओव्हरलोड रिले (मोटरवर जास्त भार आला की ती बंद करणारा) सर्किटमध्येच राहिला पाहिजे आणि त्याचा रीसेट हाताचाच ठेवा. वीज आल्यावर पंप आता आपोआप सुरू होईल, म्हणून मोटरशेजारी आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) हवा. झाकण उघडण्याआधी काकांनी तो पाडायचा. दिवे आणि पंप ३० मिलिअ‍ॅम्पच्या आरसीसीबीवर (शॉकपासून वाचवणाऱ्या ब्रेकरवर) आहेत का, हेही पाहून घ्या. आणि डोसिंगच्या सप्लायमध्ये फ्लो स्विच, तोही मालिकेत, म्हणजे मोबाइलने काहीही म्हटलं तरी पाणी वाहिल्याशिवाय एक थेंब जाणार नाही.

थेंबभर
निळाई, पीएच ७.२ ते ७.६ मध्ये आणा. क्लोरीन फार असेल तर किटमधला फिनॉल रेडचा (पीएच तपासायच्या थेंबांचा) रंग चुकीचा जांभळा दिसतो, त्यावर विसंबून अ‍ॅसिड ओतू नका. हायपो संध्याकाळी टाका, उन्हात उडून जातं.

निळाई (शनिवार)
इलेक्ट्रिशियन येऊन गेला. रिले खरंच बटणाच्या मालिकेत होता. सिलेक्टर, आयसोलेटर बसले. मेन पाडून पुन्हा दिली, चार वेळा. चारही वेळा पंप उठला. आरसीसीबी होता, टेस्ट बटणाने पडला. फ्लो स्विच सोमवारी मिळेल, तोवर डोसिंग बंद, संध्याकाळी हाताने हायपो टाकते आहे. तळ अजून दिसत नाही. आईला सगळं सांगितलं, ती म्हणाली थांबू, घाई नाही. तीनफेज, तुमचे आभार कसे मानू? एक विचारायचं राहिलं, फ्लो स्विच फिल्टरच्या आधी की नंतर?

तीनफेज
फिल्टरनंतर, पण दोन्ही डोसिंगचे पॉइंट येण्याआधी. शक्य तितका सरळ पाइप बघा, एल्बोला चिकटून नको. बसल्यावर व्हॉल्व्ह बंद करून पाणी थांबवा आणि डोसिंग थांबतं का ते स्वतः उभं राहून बघा. मगच कॅन जोडा. आणि दोन्ही पॉइंट आत्ता शेजारी शेजारी असतील तर त्यांत अंतर पाडून घ्या. फोटो टाका.